हात कोणाचा पळतो

‘चौथा मजला’ नावाचा बँड तळघरात वाजवायचा. सुरुवातीला तालीम खरोखरच एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर चालायची, पण तिसऱ्या आणि पाचव्या मजल्याने एकी करून त्यांना हाकललं. तेव्हापासून एका छापखान्याच्या तळघरात, कागदाच्या गठ्ठ्यांच्या आडोशाला त्यांचा संसार होता. नाव मात्र तेच राहिलं. बँडमध्ये माणसं बदलतात, नाव बदलत नाही.

माणसं बदलण्याचं खातं सरकारकडे होतं. सरकार म्हणजे गिटार वाजवणारा आणि गाणारा. शब्द त्याचे, चाली त्याच्या, त्यामुळे हुकूमही त्याचा, आणि म्हणून हे नाव. दिवसा तो टाइल्सच्या एका मोठ्या दुकानात मॅनेजर होता आणि गिऱ्हाइकाला ‘नाही’ न म्हणता वाटेला लावायची कला तिथेच शिकला होता. कोणाला काढायचं झालं की तो कधी ‘तू जा’ म्हणत नसे. तो म्हणे, “आपल्या दिशा वेगळ्या होतायत.” कीबोर्डवाल्याला असंच म्हणाला, दुसऱ्या गिटारवाल्याला त्याच्या लग्नानंतर म्हणाला, एका गायिकेला तर तिच्या वाढदिवसालाच म्हणाला. शेवटी शब्दच रूढ झाला. एखादा दिसेनासा झाला की उरलेले म्हणत, “त्याला दिशा मिळाली.”

ड्रमवर मात्र पहिल्यापासून एकच माणूस होता, दाजी. दाजी म्हणजे सरकारच्या थोरल्या बहिणीचा नवरा. नात्याने तो एकट्या सरकारचा दाजी, पण बघता बघता सगळ्या जगाचाच दाजी झाला. लिफ्ट दुरुस्त करायचं काम करायचा. आवाज असा की लिफ्टच्या खड्ड्यातून हाक मारली तर गच्चीवरचा माणूस ‘ओ’ देईल. स्वतःच्या विनोदावर आधी स्वतः हसायचा, दुसऱ्याच्या ताटातलं उचलून खायचा, आणि आपल्यासारखा ड्रम वाजवणारा पाच गावांत नाही असं स्वतःच सांगत सुटायचा. “मी मागे बसतो म्हणून तुम्ही पुढे दिसता,” हे त्याचं ठरलेलं वाक्य. लोक हसत आणि विसरून जात.

पहिला अल्बम त्यांनी तळघरातच केला. तिघं समोरासमोर बसले, मध्ये माइक ठेवले आणि वाजवलं. तिसरा म्हणजे डॉक्टर, बास गिटार वाजवणारा, धंद्याने दातांचा डॉक्टर. त्या अल्बममध्ये मधूनच छापखान्याचं यंत्र ऐकू येतं, एका गाण्यात कोणीतरी शिंकतं. तरी लोकांना तो आवडला. गाणी जिवंत वाटतात, असं म्हणाले. सरकारने हे कौतुक सगळंच्या सगळं एकट्याने घेतलं.

दुसरा अल्बम मात्र खऱ्या स्टुडिओत करायचा ठरला आणि तिथे माशी शिंकली. स्टुडिओचा रेकॉर्डिस्ट शांत माणूस होता, बोलायला जणू कर लागतो इतकं कमी बोलायचा. त्याने तिघांकडून दोन गाणी नमुन्यासाठी वाजवून घेतली आणि कॉम्प्युटरवर मोजून दाखवलं, की गाणं एका लयीत सुरू होतं आणि संपेपर्यंत चांगलंच पुढे पळालेलं असतं. ध्रुवपद आलं की पळालंच.

“पळतंय,” रेकॉर्डिस्ट म्हणाला. कोण पळतंय ते तो बोलला नाही. त्याला कोणी विचारलंही नाही.

लय म्हटली की सगळे ड्रमवाल्याकडे बघतात. सरकारनेही बघितलं. दाजी काचेपलीकडे टॉवेलने मान पुसत होता, आणि या सगळ्यांकडे बघून त्याने दोन्ही काठ्या उंच करून दाखवल्या. कसं झालं, असं विचारत होता.

“दाजींचा हात पळतो,” सरकार म्हणाला. “मला कधीपासून जाणवत होतं.”

जाणवत वगैरे काही नव्हतं. पण एकदा म्हटल्यावर त्याला ते खरंच वाटायला लागलं. बाहेर कोणीतरी म्हणालं होतं की नवे बँड बघा कसे घड्याळासारखे वाजवतात, ते त्याच्या मनात सलत होतंच. दाजीला दिशा द्यायची हे त्याने त्याच संध्याकाळी ठरवून टाकलं. फक्त ते दाजीला सांगायचं धैर्य त्याच्यात नव्हतं. बहिणीच्या नवऱ्याला कोणत्या तोंडाने सांगणार? म्हणून त्याने डॉक्टरला गळ घातली.

डॉक्टरही तसा भित्राच. तो दिवस ढकलत राहिला, आणि एके दिवशी दाजीची दाढ दुखायला लागली. दाजी दवाखान्यातल्या खुर्चीत आडवा झाला, तोंड उघडं, हिरडी बधिर केलेली, गालात कापूस. डॉक्टरला वाटलं, हीच वेळ. कारण या वेळी दाजी बोलू शकणार नव्हता. दाढ पोखरता पोखरता तो म्हणाला, “दाजी, दुसऱ्या अल्बमला आपण नवीन माणूस घेतोय. तुमचा हात पळतो असं सरकारचं म्हणणं आहे. दिशा जरा वेगळ्या होतायत.”

दाजी काहीतरी म्हणाला. ते ‘आँ’ होतं की ‘हां’ होतं, हे डॉक्टरला आजवर कळलेलं नाही. त्यानंतर दाजीने चूळ भरली, आरशात दाढ बघितली आणि घरी गेला. सरकारने हा किस्सा ऐकला तेव्हा तो हसला होता. मोठ्याने हसला होता. पुढे त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली ती त्या हसण्याची.

दाजीच्या जागी मॅडम आल्या. शाळेत गणित शिकवायच्या आणि सुट्टीच्या दिवशी ड्रम वाजवायच्या. किरकोळ बांध्याच्या, चष्मा लावणाऱ्या. कानात क्लिक, म्हणजे लय धरून ठेवणारी ती टकटक, लावून बसल्या की इकडची काठी तिकडे होत नसे. त्यांनी अल्बमच्या सगळ्या गाण्यांचे ड्रम एकटीने वाजवून पुरे केले आणि मुलांच्या वह्या तपासायला निघून गेल्या. रेकॉर्डिस्टने पहिल्यांदाच अंगठा वर केला. सरकार खूश झाला. त्या रात्री त्याला शांत झोप लागली.

मग त्या ड्रमवर गिटार वाजवायची त्याची पाळी आली.

पहिल्या गाण्याचा पहिला अंतरा ठीक गेला. ध्रुवपदाला रेकॉर्डिस्टने हात वर करून थांबवलं. “परत.” परत वाजवलं. “परत.” सरकार म्हणाला, हेडफोनमध्ये आवाज उशिरा येतोय. हेडफोन बदलले. मग म्हणाला, वायर खराब आहे. वायर बदलली. मग खुर्ची करकरते, मग खोली थंड आहे, बोटं आखडतायत. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात तसं त्या दुपारी स्टुडिओतलं सगळं अंगण वाकडं ठरलं. शेवटी रेकॉर्डिस्टने त्याला काचेच्या अलीकडे बोलावलं आणि फक्त दोन आवाज लावून ऐकवले, मॅडमचा ड्रम आणि सरकारची गिटार.

डॉक्टर शेजारीच होता. मॅडमही त्या दिवशी ऐकायला आल्या होत्या.

अंतऱ्यात दोघं बरोबर चालत होते. ध्रुवपद आलं आणि गिटार सुटली. ड्रम आपला जागच्या जागी चालतोय, आणि गिटार पुढे पुढे, घाईघाईने, धापा टाकत. प्रत्येक ध्रुवपदाला तेच.

“बघा, हे तसंच आलं,” मॅडम उत्साहाने म्हणाल्या. त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं, हे सगळ्यात वाईट. “मी तयारी करताना तुमचा पहिला अल्बम खूप ऐकला. त्यात पण ध्रुवपदाला तुम्ही आधी पुढे जाता आणि ड्रम मागून येऊन तुम्हाला गाठतो. असा गाठतो की ऐकणाऱ्याला वाटतं, सगळे मिळूनच पुढे गेले. मला वाटलं हे तुमचं ठरवून केलेलं आहे. मला काही ते जमेना, म्हणून मी सरळ वाजवलं. कोण होते हो ते आधीचे? किती सांभाळून घेतात!”

डॉक्टर बुटांकडे बघत होता. सरकारच्या कानाच्या पाळ्या तापल्या. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं आपण उगाच म्हणतो, पण त्याने खरोखर खाली बघितलं. खाली राखाडी गालिचा होता.

चोर सोडून संन्याशाला सुळी दिली होती आणि चोराने वर जल्लादही दुसरा नेमला होता.

बाहेर पार्किंगमध्ये डॉक्टरने त्याला गाठलं. “जाऊन सांग त्यांना.”

“सांगतो. अल्बम होऊन जाऊ दे.”

“आजच सांग. मी त्या माणसाच्या तोंडात कापूस कोंबून त्याला काढलंय रे. मला त्या खुर्चीकडे बघवत नाही.”

“म्हटलं ना, सांगतो!”

त्याने सांगितलं नाही. उलट दुसऱ्या दिवशी एकटा स्टुडिओत गेला आणि रेकॉर्डिस्टला हळूच विचारलं, की गिटार जरा मागे सरकवून ड्रमवर बसवता येते का. “येते,” रेकॉर्डिस्ट म्हणाला, आणि त्याने बसवून दिली. सरकारच्या दुकानातल्या टाइल्ससारखी सगळी गाणी एका रेषेत आली. कुठे फट नाही, कुठे उंचवटा नाही. सरकारने ती घरी नेऊन ऐकली. ऐकताना त्याला झोप आली. स्वतःच्या गाण्यावर झोप आलेला माणूस दुसऱ्याला काय सांगणार? तरी त्याने मनाची समजूत घातली, की झालं ते झालं, दाजींना काही कळलेलं नाही, उगाच जुनी जखम कशाला उकरायची. मनाची समजूत घालण्यात सरकारचा हात धरणारा कोणी नव्हता.

मग ताईचा फोन आला.

“छोट्या, येऊन जा एकदा,” ती म्हणाली. “यांना जरा समजाव. माझं ऐकत नाहीत.”

“काय झालं?”

“ये तू. फोनवर नको.”

कळलं वाटतं, असं त्याला वाटलं. सुट्टीच्या दिवशी सकाळी तो गेला. गेले कित्येक महिने काही ना काही निमित्त काढून त्याने त्या घराचा उंबरा टाळला होता. ताईने दार उघडलं, हात ओले होते, ते पदराला पुसत तिने नुसतं आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. आतून टकटक ऐकू येत होती, आणि त्या टकटकीवर पडणाऱ्या काठ्यांचा मऊ आवाज.

“कामावरून आले की हेच,” ताई हळू आवाजात म्हणाली. “चहासुद्धा तिथेच. शेजारी दोनदा येऊन गेले. म्हणतात, माझा हात पळतो, तो आधी बांधून घेतो. हल्ली बोलत पण नाहीत फारसे. घरात हे गप्प बसले की मला करमत नाही रे.”

सरकार आत गेला. इस्त्रीच्या टेबलाशेजारी स्टुलावर रबराची एक चकती ठेवली होती, समोर फोन टेकवून ठेवला होता, त्यातून टकटक येत होती. दाजी पाठ ताठ करून बसला होता आणि फोनकडे बघत वाजवत होता. पूर्वी तो वाजवताना फक्त सरकारच्या खांद्याकडे बघायचा. सरकारला हे आत्ता आठवलं. इतकी वर्षं तो खांद्याकडे का बघतो, असं त्याने कधी विचारलंच नव्हतं.

“या, सरकार!” दाजी म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर रागाचा लवलेश नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. “बरे आलात. तुमच्या भाचीची गिटार आहे ती घ्या. घ्या हो! तुम्हाला काहीतरी दाखवायचंय.”

“दाजी, मला जरा बोलायचं—”

“बोलणं नंतर. आधी वाजवा. पहिल्या अल्बममधलं, ते शिंकेचं.”

सरकारने गिटार घेतली. वाजवायला लागला. अंतरा नीट गेला. मनाशी म्हणत होता, आज नाही, आज पळायचं नाही. पण ध्रुवपद आलं आणि हाताने नेहमीचंच केलं. तो सुटला. मागून येऊन कोणीतरी आपल्याला गाठेल, अशी त्या हाताला वर्षानुवर्षांची खात्री होती.

कोणी आलं नाही. दाजी फोनकडे डोळे लावून, दात आवळून, टकटकीवर टकटक घालत बसला होता. सरकार एकटाच पुढे जाऊन उभा राहिला. मग थांबला.

दाजीने काठ्या वर केल्या. चेहरा फुलला होता. “बघितलंत? मुद्दाम पुढे गेलात ना, मला खेचायला? परीक्षा घेतलीत! नाही आलो! जागचा हललो नाही!”

सरकारला फक्त ‘नाही’ म्हणायचं होतं.

“हो,” तो म्हणाला.

तोंडातून गेलं आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण दाजी तोवर आरोळी ठोकून मोकळा झाला होता. “अगं, ऐकलंस का! पास झालो!”

ताई धावत आली. दाराशी उभी राहिली, नवऱ्याकडे बघितलं, भावाकडे बघितलं, आणि तिचे डोळे भरून आले. “बघा, मी म्हटलं होतं की नाही!” ती नवऱ्याला म्हणाली. मग भावाकडे वळली. “पहिल्या दिवशी घरी आले ना, तेव्हा म्हणत होते, ‘माझा नाही पळत हात, काहीतरी चुकतंय.’ मीच रागावले. म्हटलं, माझा भाऊ उगाच कोणावर आळ घेणार नाही. तो म्हणतोय म्हणजे तुमचंच चुकत असणार. कान धरून बसवलं त्यांना इथे.”

टकटक चालूच होती.

“ताई,” सरकार म्हणाला, “त्यांचा हात कधीच पळत नव्हता.”

“आँ?”

“माझा पळतो. आत्तासुद्धा मी मुद्दाम नाही गेलो. मला थांबताच येत नाही. इतकी वर्षं दाजी मला मागून येऊन गाठायचे, म्हणून कोणाला कळलं नाही. मला स्टुडिओत कळलं. कळून बरेच दिवस झाले. मी सांगितलं नाही. लपवून ठेवलं.”

दाजी आधी हसला. त्याला वाटलं, सरकार गंमत करतोय. मग त्याने ताईकडे बघितलं. ती हसत नव्हती. त्याने वाकून फोनवरची टकटक बंद केली. खोली एकदम रिकामी वाटायला लागली.

“पहिल्या दिवशी म्हणालात ना,” ताई हळूच नवऱ्याला म्हणाली, “मग पुन्हा का नाही म्हणालात? भांडायचं होतं माझ्याशी.”

“मला तरी कुठे माहीत होतं?” दाजी म्हणाला. “तू पण म्हणालीस, सरकार पण म्हणाले. घरची दोन माणसं म्हणतात म्हणजे पळत असेल, असं वाटलं.”

ताईने भावाकडे बघितलंच नाही. ती भिंतीला टेकून उभी राहिली. तिने शिवी घातली असती, मुस्काटात मारली असती, तर सरकारने ती आनंदाने घेतली असती.

“दाजी, परत या,” तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. “मॅडमना मी सांगतो. सगळ्यांना सांगतो, माझ्यामुळे झालं म्हणून. सगळी गाणी परत करू. तळघरात करू, पहिल्यासारखी.”

दाजी थोडा वेळ काठ्या हातात फिरवत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर जुनी मिश्किली आली, निदान येऊ घातली. “म्हणजे मी मागे बसायचो म्हणूनच तुम्ही पुढे दिसायचात. मी म्हणत होतो ते खरंच होतं म्हणा की! चला, वाजवा. पळा तुम्ही हवं तेवढं. येतो मी मागून.”

सरकारने वाजवलं. या वेळी दाजीने फोनवर टकटक लावली नाही. तो सरकारच्या खांद्याकडे बघत होता. अंतरा झाला. ध्रुवपद आलं, सरकार सुटला, आणि दाजीच्या काठ्या जागच्या जागी पडत राहिल्या. एकसारख्या, चोख. त्याने मान पुढे काढली, खांदे सैल सोडले, डोळे मिटून बघितले. काठ्या त्या टकटकीच्या लयीतून हलेनात. दोघांमधलं अंतर वाढतच गेलं. सरकारने मागे फिरायचा प्रयत्न केला, तेही त्याला जमेना.

दाजी थांबला. त्याने स्वतःच्या मनगटाकडे बघितलं आणि दुसऱ्या हाताने ते चोळलं. मग कधी नव्हे तो हलक्या आवाजात म्हणाला,

“माफ करा हं, सरकार. माझंच चुकतंय. परत एकदा घेऊ.”